टीईटीच्या पुस्तकातल्या अवस्था आणि आमच्या घरातली माणसं, काही केल्या जुळेना!

घाटमाथा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर एकची तयारी चालू आहे. बालमानसशास्त्राला तीस मार्क असतात म्हणून ते आधी उरकायला घेतलं (गणिताला हात लावायची अजून हिंमत नाही). पियाजे, कोहलबर्ग, व्हायगॉट्स्की, एरिक्सन सगळे एकदा वाचून झाले. एरिक्सनच्या आठ अवस्था झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. विश्वास विरुद्ध अविश्वास, स्वायत्तता विरुद्ध लाज, पुढाकार विरुद्ध अपराधीपणा असं करत करत शेवटी म्हातारपण.

पण आमचं घर एकत्र, चार पिढ्या एका छपराखाली, आणि पुस्तक मिटून घरात बघितलं की कोणीच त्या कोष्टकात बसत नाही. माझी लेक दहा महिन्यांची, आत्ताआत्तापर्यंत कोणाच्याही कडेवर जायची, आता सख्खी आत्या आली तरी भोकाड पसरते. सासूबाई म्हणतात तूच लाडावून ठेवलीस. पुस्तक म्हणतं पहिल्या वर्षात विश्वास तयार होतो, मग हिचा विश्वास बसलाच नाही असं समजायचं का? मोठ्या जावेचा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्स, का घेतलं विचारलं तर 'पप्पा म्हणाले म्हणून', घरी तोंडातून शब्द काढत नाही पण मित्र बरोबर असले की स्कूटी अशी पळवतो की बघवत नाही. सासरे एसटीत कंडक्टर होते, अठ्ठावन्नला रिटायर झाले, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत खुसपट. आणि आजेसासूबाई शहाऐंशीच्या, त्यांना आज सकाळी काय खाल्लं ते सांगताना विचार करावा लागतो पण कोयनेच्या भूकंपाच्या रात्री अंगणात कोण कुठं झोपलं होतं ते नावानिशी सांगतात, आणि रोज सांगतात.

पुस्तकात पासष्टच्या पुढचं सगळं एका ओळीत संपवलंय. पासष्टचा माणूस आणि शहाऐंशीचा माणूस एकच का? मुळात या अवस्था खऱ्या असतात की नुसत्या परीक्षेपुरत्या? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बालवाडीवाली_ताई

बाळाचं आधी सांगते कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि सासूबाईंना आजच्या आज दाखवता येईल. बाई गं, ती रडते ते विश्वास बसला नाही म्हणून नाही, बसलाय म्हणून रडते. तीन-चार महिन्यांच्या बाळाला सगळे चेहरे चालतात. सात-आठ महिन्यांच्या पुढे ते ठरवतं की ही माझी माणसं आणि हे बाकीचे. त्याच सुमाराला त्याला हेही उमगायला लागतं की वस्तू डोळ्यांआड गेली तरी ती कुठंतरी असते. म्हणजे आई दिसत नाही पण ती आहे, आणि इथं नाहीये! मग रडणार नाही तर काय करणार. दहा ते अठरा महिन्यांत हे जोरात असतं, मग आपोआप उतरतं.

मेरी एन्सवर्थ म्हणून बाई होत्या, आधी युगांडात खेड्यापाड्यांतल्या आया आणि बाळं बघितली, मग अमेरिकेत बाल्टिमोरला. त्यांचा प्रयोग तुमच्या पुस्तकात असेल, खोलीत आई, बाळ, एक अनोळखी बाई, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सगळ्यांना वाटतं की आई गेल्यावर बाळ रडलं का ते बघायचं असतं. ते नाही. आई परत आल्यावर काय होतं ते बघायचं. रडलेलं बाळ आईला चिकटून दोन मिनिटांत शांत झालं आणि परत खेळायला लागलं की झालं, घट्ट नातं आहे. आणि लाडावण्याचं म्हणाल तर त्याच बाल्टिमोरच्या घरांमध्ये असं दिसलं होतं की पहिल्या काही महिन्यांत रडण्याला लगेच ओ देणाऱ्या आयांची बाळं वर्षअखेरीला कमी रडत होती, जास्त नाही.

उपाय म्हणून एकच, गुपचूप सटकू नका. आपल्याकडे सगळे तेच सांगतात, तिला तिकडं चिमणी दाखवतो तू पटकन जा. त्यानं ती पुढच्या वेळी आणखी चिकटते कारण आई कधी गायब होईल याचा भरवसा नाही. तोंडावर सांगून जा, येते हं म्हणून, रडली तरी चालेल. आणि बुवा-कुक खेळा भरपूर. पदराआड गेलेलं तोंड परत येतं याची ती प्रॅक्टिसच आहे.

आता अवस्था खऱ्या का? मी आयुष्यभर लहान पोरांत काढलं. एकदा साडेचार वर्षांच्या एका पठ्ठ्याला दोन सारख्या काचेच्या ग्लासांत कोकम सरबत दिलं. सारखं आहे का रे? हो. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं उंच निमुळत्या ग्लासात ओतलं. आता? त्यात जास्त. परत जुन्या ग्लासात ओतलं, परत सारखं. परत उंच ग्लासात, परत जास्त. असं किती वेळा केलं तरी तेच, आणि शेवटी कंटाळून म्हणतो बाई मला तो उंचवाला द्या. त्याच्या सात वर्षांच्या ताईनं कपाळाला हात लावला. साधारण सातच्या आधी पोरांना भांडं बदललं तरी माप तेवढंच राहतं हे कळत नाही, असं पियाजेबाबा म्हणाले ते काही हवेत बोलत नव्हते.

अग्निहोत्री_नागपूर

आपल्याकडे हे सगळं हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. तुमच्या सासऱ्यांचा वानप्रस्थ सुरू झालाय, एवढाच अर्थ. पण आपल्याला गोऱ्यांनी सांगितल्याशिवाय पटत नाही.

उंटावरचा_शहाणा

@अग्निहोत्री, आलात का! आश्रमव्यवस्था माणसानं *कसं जगावं* ते सांगते, माणूस *कसा वाढतो* ते निरखून लिहिलेलं नाही ते. आणि ती कोणासाठी होती? घाटमाथा ताईंच्या आजेसासूबाईंना कोणी विचारलं होतं का तुमचा संन्यास कधी म्हणून. शिवाय दहा महिन्यांच्या पोरीबद्दल त्यात काय आहे ते सांगा. तुलना करायला हरकत नाही, मानसशास्त्रज्ञ सुधीर कक्कर यांनी १९६८ सालीच एरिक्सन आणि आश्रम शेजारी ठेवून लेख लिहिलाय, पण त्यांनी 'आमच्याकडे आधीच होतं' एवढ्यावर दुकान बंद केलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. मी जरा विरोधी पक्षात बसतो. बालवाडीवाल्या ताईंचं सरबत मान्य, पण पियाजेनं तान्ह्या बाळांबद्दलचे बरेच सिद्धांत स्वतःच्या तीन पोरांवर बसवले हे विसरू नका. आणि त्याचा अडचणीचा भाग असा की बाळाला कळतं की नाही हे तो बाळाच्या हातावरून ठरवायचा, लपवलेली वस्तू शोधली तर कळलं. पण हात चालायला वेळ लागतो ना! १९८५ च्या सुमारास रेने बायारजाँ या बाईंनी हात सोडून नजर मोजली. अशक्य काहीतरी घडताना दाखवलं, म्हणजे एक फळी जिथं ठोकळ्याला अडायला पाहिजे तिथून आरपार गेल्यासारखी, तर पाच महिन्यांची बाळं जास्त वेळ टक लावून बघत बसली. म्हणजे लपलेला ठोकळा तिथं आहे याची काहीतरी जाणीव होती. यावरही पुढं भांडणं झालीच, ती वेगळी गोष्ट.

दुसरं, मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांवर १९६९ मध्ये एक अभ्यास आला. मातीचा गोळा लांबट केला तरी माती तेवढीच राहते, हे कळणाऱ्यांत कुंभारांची मुलं त्याच वयाच्या इतर मुलांच्या पुढं होती. हात रोज मातीत, मग डोकं का नाही चालणार. म्हणजे कोष्टकातलं 'सात वर्षं' हे काही दाढ येण्याचं वय नाही, पोरगं रोज काय हाताळतं त्यावर ते पुढंमागं सरकतं.

आणि ते मिडलाइफ क्रायसिस, म्हणजे मधल्या वयातली घालमेल! हा शब्द इलियट जॅक्स नावाच्या माणसानं १९६५ च्या निबंधात आणला, तो मुख्यतः मोठमोठ्या कलावंतांच्या चरित्रांवर. लेव्हिन्सननं पुरुषाच्या आयुष्याचे टप्पे सांगितले ते चाळीस अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवर. कोहलबर्गची नैतिक विकासाची शिडी मुलग्यांवर उभी, त्यावर कॅरॉल गिलिगननं १९८२ मध्ये फटकावलं. आणि आपण हे सगळं आपल्याकडच्या एसटी कंडक्टरला लावायला बसतो आणि बसेना म्हणून कंडक्टरला दोष देतो.

मधलीसुट्टी

उंट सर, टीका पटली पण मग काय सगळं फेकून द्यायचं का? मी समुपदेशनाचं काम करते, शाळेत आणि थोडं बाहेर. मला एरिक्सन रोज उपयोगी पडतो, फक्त त्याच्या कोष्टकातला वयाचा कॉलम मी बोटानं झाकून वाचते. वयं त्यानं ढोबळ दिलीत, ती क्लासवाल्यांनी दगडावर कोरली. तिकीट फाडलं, विश्वासाचा स्टॉप गेला, आता स्वायत्ततेचा आला, असं नसतं हो. त्याचं म्हणणं होतं की प्रत्येक प्रश्न जन्मभर असतोच, एकेका काळात एकेक वर येतो, आणि आधीचे प्रश्न नव्या रूपात परत विचारले जातात. दोन वर्षांचं पोर 'मी मी माझ्या हातानं' म्हणतं तो स्वायत्ततेचा प्रश्न, आणि ऐंशीच्या आजीला कोणीतरी आंघोळ घालायला लागतं तेव्हाही तोच प्रश्न असतो.

त्याचं स्वतःचं आयुष्य वाचलं की हे कुठून आलं ते कळतं. १९०२ मध्ये फ्रँकफर्टला जन्म, खरा बाप कोण ते त्याला कधीच कळलं नाही, सावत्र वडील ज्यू डॉक्टर. हा उंच आणि सोनेरी केसांचा. प्रार्थनास्थळी ज्यू पोरं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेत जर्मन पोरं ज्यू म्हणून. अमेरिकेत गेल्यावर आडनावच नवीन घेतलं, एरिकचा मुलगा एरिक्सन, म्हणजे स्वतःच स्वतःचा बाप! कॉलेजची डिग्रीसुद्धा नव्हती, हार्वर्डला प्रोफेसर झाला. 'आयडेंटिटी क्रायसिस', म्हणजे 'मी नक्की कोण' हा पेच, हा शब्द त्यानं रुळवला यात नवल काय.

आणि उंट सर, तो नुसता गोऱ्यांच्यात बसला नव्हता. १९६२ मध्ये जीवनचक्रावरच्या एका सेमिनारसाठी अहमदाबादला आला, तिथं त्याला १९१८ च्या गिरणी संपाची माणसं भेटली, आणि त्यातून गांधींवरचं पुस्तक झालं, १९६९ ला आलं, पुलित्झर मिळालं. संपाच्या वेळी गांधी अठ्ठेचाळीसचे. मधल्या वयातला माणूस पुढच्या पिढीसाठी काय उभं करतो, हा जो सातवा प्रश्न, तो त्यानं तिथं बघितला. कक्कर त्याच्याच हाताखाली तयार झालेले.

आता पुतण्या. 'पप्पा म्हणाले म्हणून सायन्स' याला जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये खास खाना पाडून ठेवलाय: न शोधताच ठरवून टाकलेली ओळख. चार प्रकार केले त्यांनी. काहींनी शोधलंही नाही आणि ठरवलंही नाही, काहींनी न शोधता ठरवलं, काही शोधतायत, काहींनी शोधून ठरवलं. दहावीच्या निकालानंतर आठवड्याभरात आपण पोरांना दुसऱ्या खान्यात ढकलतो आणि मग पंचविशीत तो नोकरी सोडून 'मला नक्की काय करायचंय' म्हणतो तेव्हा सगळे हवालदिल. माझ्याकडं येणाऱ्यांत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली पोरं किती असतात ते सांगायला नको. मी म्हणत नाही सायन्स सोडा. पण शनिवार-रविवार त्याला दुसरं काहीतरी करून बघू दे, आणि ते काय ते त्यानं ठरवू दे.

स्कूटीचं मात्र सिरियसली घ्या. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग आहे, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम. एकटं खेळताना टीनएजर आणि मोठी माणसं जवळपास सारखीच जोखीम घेत होती. दोस्त शेजारी बसवले की टीनएजर पार सुटले, मोठ्यांना फारसा फरक पडला नाही. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो, आणि मजा शोधणारा भाग आधीच जोरात आलेला असतो. त्यामुळं 'तुला अक्कल नाही का' या लेक्चरनं काही होत नाही, अक्कल आहे त्याला, एकटा असताना वापरतोही. सोळाव्या वर्षी त्या स्कूटीचं लायसन्सही नसणार. किल्ली काढून घ्या, विषय संपला.

घाटमाथा

बापरे, एवढे प्रतिसाद! ताई, सासूबाईंना वाचून दाखवलं, काही बोलल्या नाहीत पण मघाशी बुवा-कुक चालू होतं. किल्लीचं जाऊबाईंना सांगते, माझ्याच डोक्यावर खापर फुटणार पण असो. सासरे आणि आजेसासूबाईंचं कोणीच सांगितलं नाही?

पेन्शनीत_मस्त

मी सांगतो, वय वर्षे एकाहत्तर, तेव्हा अधिकारानं बोलू शकतो. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

सासऱ्यांना त्रास वयाचा नाही, अठ्ठावन्न हे काय वय आहे. त्यांना रोज गाडीत शेकडो माणसं भेटायची, कोणी सुट्टे नाहीत म्हणून भांडायचं, कोणी लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायचं, आणि एक दिवस हार-नारळ-शाल देऊन सगळं बंद. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा पहिले सहा महिने बायकोच्या डब्यांची मांडणी सुधारत होतो, तिनं मला कसं ठेवून घेतलं तिलाच ठाऊक. खुसपट काढणं म्हणजे तपासनीसाची बदली घरच्या डेपोला झाली असं समजा. त्यांना काम द्या, पण उगीच दूध-भाजीचं नको, ज्यात त्यांचा शब्द चालेल असं काहीतरी द्या. एरिक्सनचा सातवा प्रश्न तोच ना, आपल्या हातून पुढच्यांना काही जातंय का? माझी सूचना, त्यांना तुमची उजळणी घ्यायला बसवा. पुस्तक त्यांच्या हातात, प्रश्न ते विचारणार, उत्तर तुम्ही द्यायचं.

हार्वर्डचा एक अभ्यास आहे, १९३८ पासून चालू, कॉलेजची पोरं आणि बोस्टनच्या गरीब वस्तीतली पोरं घेऊन त्यांच्या म्हातारपणापर्यंत पाठलाग केला. (सगळे पुरुष आणि सगळे गोरे, उंटबुवांनी बोलायच्या आत मीच सांगतो.) त्यात आलं की पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले, आणि हा अंदाज कोलेस्टेरॉलपेक्षा चांगला लागला.

आता डोक्याचं. म्हातारपणी सगळंच उतरतं हे खोटं. सिएटलला १९५६ पासून एक अभ्यास चालला, दर सात वर्षांनी तीच माणसं परत तपासायची. त्यात डोक्याचा वेग लवकर उतरणीला लागलेला दिसतो पण शब्दांचं ज्ञान, अनुभवानं आलेली समज साठीपर्यंत आणि पुढंही टिकते, काहींची वाढते. माझंच बघा, ओटीपी येतो आणि मी चष्मा शोधेपर्यंत एक्स्पायर होतो. पण सोसायटीत पार्किंगवरून जुंपली की मलाच बोलावतात, आणि दोघांनाही वाटतं आपणच जिंकलो.

पासष्ट आणि शहाऐंशी एक नाही हे तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि ते एरिक्सनच्याच घरात मान्य झालं. नवरा १९९४ मध्ये गेला, त्यानंतर बायको जोन हिनं स्वतः नव्वदीत असताना नववी अवस्था जोडली, १९९७ मध्ये ते छापून आलं. ती म्हणते आठवी अवस्था लिहिली तेव्हा आम्ही तरुण होतो, नव्वदीचं शरीर काय असतं ते आम्हाला कुठं माहीत होतं. तिथं सगळे आधीचे प्रश्न उलटून येतात, स्वतःच्या पायांवरसुद्धा विश्वास राहत नाही. टीईटीच्या पुस्तकात हे नसणार.

आजीबाईंचा भूकंप. रॉबर्ट बटलर नावाच्या डॉक्टरनं १९६३ मध्ये लिहिलं की म्हातारी माणसं जुनं उगाळतात ते डोकं चळलं म्हणून नाही, आयुष्याचा हिशोब लावत असतात. आणि दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात दाट असतात हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. डिसेंबर १९६७ ला आजी अठ्ठाविसाच्या आसपास असतील, म्हणजे बरोबर त्यातच आल्या. नुसतं 'हो हो' करू नका, पुढचा प्रश्न विचारा. त्या रात्री गुरं कुठं बांधली होती, चूल कधी पेटली, कोण परत आलं नाही. गोष्ट पुढं सरकते, मी माझ्या आईच्या बाबतीत बघितलंय.

फक्त एक लक्ष ठेवा. सकाळचं खाणं थोडा विचार करून आठवणं वेगळं, आणि खाल्लंच नाही म्हणून भांडणं वेगळं. घरातली वाट चुकणं, गॅस चालू राहणं, रोजच्या माणसाला न ओळखणं, असलं काही दिसलं तर वयाच्या नावावर घालू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. कानही तपासा, निम्म्या वेळा ऐकूच आलेलं नसतं आणि आपण म्हणतो विसरली.

उंटावरचा_शहाणा

पेन्शनीत काका, माझ्या आधी कंस टाकून माझी बॅटिंगच घालवली. भर घालतो. लॉरा कार्स्टन्सन यांचं काम बघा, म्हातारी माणसं मित्र कमी करतात, ते एकटी पडतात म्हणून नाही, पुढं वेळ थोडा आहे असं वाटलं की माणूस निवडक लोकांतच राहतो म्हणून. आणि हे वयाचं नाहीच, गंभीर आजारी तरुणांतही तेच दिसलं. म्हणजे बघा, पुन्हा वयाचा कॉलम फसला.

घाटमाथा

काका, दिलं पुस्तक सासऱ्यांच्या हातात. पहिलाच शेरा, "या पियाजेनं तीन पोरं बघून पुस्तक लिहिलं, मी अर्ध्या तिकिटासाठी वय चोरणारी हजारो बघितली." पण उजळणी दीड तास घेतली, दोन चुका झाल्या तर परत पहिल्यापासून. आता एक शेवटचं. सराव पेपरात प्रश्न आलाय, अमूर्त विचार कोणत्या वयापासून, पर्यायात सात, नऊ, अकरा आणि 'निश्चित सांगता येत नाही'. हा धागा वाचून चौथा पर्याय काळा करावासा वाटतोय.

मधलीसुट्टी

खबरदार! अकरा. परीक्षेत गपगुमान अकरा, भांडायला इथं या.

बालवाडीवाली_ताई

अकराच. आणि गणित काढा आता बाहेर.